जुनी गाडी खानदेशात आणताय? आधी कागद, मग कार्बोरेटर, मग पीयूसी

बदली होऊन भुसावळला आलो तेव्हा सामानाचा ट्रक पुढे गेला आणि मागून मी वडिलांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी चालवत आणली. इंदूर, खंडवा, बऱ्हाणपूर, मग रावेर-सावद्याच्या केळीबागा, आणि संध्याकाळी भुसावळ. रस्त्यात गाडीने एकदाही त्रास दिला नाही. त्रास सुरू झाला तो गाडी दारात उभी राहिल्यावर. शेजारच्या काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "बीएस सिक्स नाही ना? मग महाराष्ट्रात नोंद होणार नाही." दुसऱ्याने सांगितलं की वीस वर्षांवरची गाडी सरकार भंगारात घेतं. तिसऱ्याने दोनशे रुपयांत पीयूसी "करून देणारा" माणूस सुचवला.

तिघांचंही चूक होतं. पण हे कळायला मला आठ महिने आणि आरटीओच्या बऱ्याच खेपा लागल्या. जुन्या गाडीला धुराचे नियम लोक समजतात तेवढे कडक नाहीत. नीट ट्यून केलेली कार्बोरेटरची गाडी ते प्रामाणिकपणे पाळू शकते. माणूस अडकतो तो कामांचा क्रम चुकल्यामुळे. नोकरीसाठी, निवृत्तीनंतर किंवा गावच्या घरी कायमचं राहायला जुनी गाडी घेऊन जळगाव, धुळे, नंदुरबारकडे येणाऱ्या प्रत्येकासाठी तो क्रम इथे सविस्तर लिहितो आहे.

तुमच्या गाडीला नेमका कोणता नियम लागतो

बीएस सिक्सची भीती आधी काढून टाका. बीएस म्हणजे भारत स्टेज, नव्या गाड्यांच्या धुराच्या निकषांच्या पायऱ्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस सिक्स लागू झालं आणि त्या तारखेनंतर बीएस फोर गाड्यांची नवी विक्री व पहिली नोंदणी सर्वोच्च न्यायालयाने बंद केली. हा नियम नव्या गाडीच्या पहिल्या नोंदणीचा आहे. आधीच कुठल्या तरी राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात आणली तर तिला ती बनली त्या काळचेच निकष लागतात. आपल्याकडे पेट्रोल गाड्यांच्या धुराचे पहिले निकष आले १९९१ साली आणि डिझेलचे १९९२ साली. माझी पद्मिनी त्याच्याही आधीची. तिच्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, नाही, कधी नव्हता, आणि तो बसवा असं तिला कुणी सांगूही शकत नाही. महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तोच १९९५ मध्ये.

तिला लागू होते ती रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची तपासणी, म्हणजे पीयूसी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११५ वा नियम तो. बीएस टूच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. बीएस टू आणि बीएस थ्री गाडीला हेच आकडे ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम असे खाली येतात, बीएस फोरला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. डिझेलची तपासणी वेगळी. तिथे जोरात ॲक्सिलरेटर देऊन धुराचा काळेपणा मोजतात, आणि बीएस फोरच्या आधीच्या गाडीला ६५ हार्ट्रिज युनिटची मर्यादा आहे. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला ४.५ टक्के आणि ९००० पीपीएम. म्हणजे जुनी यझदी किंवा राजदूत आणणाऱ्यांनीही निर्धास्त राहावं.

हे आकडे एका कागदावर लिहून गाडीच्या डॅशबोर्डात ठेवा. का, ते पुढे सांगतो.

पीयूसीची मुदतही वेगळी असते. बीएस फोर आणि बीएस सिक्स गाड्यांना वर्षभर, त्याआधीच्या सगळ्यांना सहा महिने. पीयूसी नसताना पकडलं गेलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स रद्द, इथपर्यंत तरतूद आहे.

भंगाराचंही असंच. खासगी गाडी वीस वर्षांची झाली म्हणून कुणी उचलून नेत नाही. फिटनेस तपासणीत नापास झाली आणि नोंदणीचं नूतनीकरण झालं नाही, तर ती आयुष्य संपलेली गाडी ठरते. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी सरसकट रद्द होते ती सरकारी मालकीच्या. दिल्ली आणि आसपासच्या प्रदेशातली दहा वर्षं डिझेल, पंधरा वर्षं पेट्रोल ही वयाची अट हरित लवादाच्या आदेशातून आली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ती त्या प्रदेशापुरती. खानदेशात तशी वयोमर्यादा नाही.

निघण्याआधी, जुन्या गावीच करायची कामं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी दिला नाही आणि पस्तावलो.

पहिलं काम: मोबाईलवर परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघा. १९८९ च्या आधीच्या तीन अक्षरी नंबरांच्या कित्येक गाड्या तिथे दिसतच नाहीत. त्यांची आरसी म्हणजे हाताने लिहिलेलं पुस्तक, आणि मूळ नोंद आरटीओच्या रजिस्टरमध्ये. संगणकावर गाडी नसेल तर एनओसी (दुसऱ्या आरटीओकडे न्यायचं ना-हरकत पत्र) निघत नाही, फी भरता येत नाही, ऑनलाइन पीयूसीही होत नाही. अशा वेळी मूळ आरटीओत अर्ज करून जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते. त्याला सगळे "बॅकलॉग एन्ट्री" म्हणतात. हे काम गाडी जिथे नोंदली आहे तिथेच होतं. मी गाडी आणल्यावर ते लक्षात आलं, आणि एका आरसी बुकासाठी इंदूरच्या तीन फेऱ्या झाल्या. नोंद चढवताना इंधन, सीसी, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि रंग नीट तपासा. तिथे झालेली एका अक्षराची चूक इथे जळगावला दुरुस्त होत नाही.

दुसरं, आरसीची मुदत. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांपासून हा अर्ज करता येतो. मुदत संपलेली किंवा संपत आलेली असेल तर ते जुन्या गावीच उरकून या. गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. मुदत संपलेल्या आरसीची गाडी दोनशे किलोमीटर चालवत परत नेणं कायद्यात बसत नाही, आणि टो करून नेण्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो.

तिसरं, मालकी. आमच्यासारखी वडिलांची गाडी असेल आणि वडील हयात नसतील, तर फॉर्म ३१ भरून ती आधी वारसाच्या नावावर करा. विकत घेतली असेल तर फॉर्म २९ आणि ३०. नाव आणि राज्य दोन्ही एकदम बदलायला गेलं की प्रत्येक टेबलावर नवा प्रश्न निघतो.

मग एनओसी, म्हणजे फॉर्म २८. परराज्यातून येत असाल तर ती हवीच, आणि तिच्यावर कुठल्या आरटीओसाठी हे लिहिलेलं असतं. भुसावळ, रावेर, यावलकडे राहणार असाल तर जळगाव, एमएच १९. धुळे, शिरपूर, साक्रीसाठी एमएच १८, आणि नंदुरबार, शहादा, नवापूरसाठी एमएच ३९. अर्जासोबत विमा, चालू पीयूसी, आरसी, पत्त्याचा पुरावा आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. थकलेली ई-चलनं आधी भरून टाका.

त्या पेन्सिल प्रिंटविषयी थोडं सांगतो, कारण कुणी सांगत नाही. जुन्या गाडीवर चार-पाच वेळा रंग झालेला असतो आणि चेसिस नंबर त्याखाली बुजलेला. आरटीओच्या आवारातला माणूस पटकन सॅण्डपेपर काढतो. घासू देऊ नका. आकडे पुसट झाले की गाडी संशयास्पद ठरते आणि मग ती खरी असल्याचं सिद्ध करत बसावं लागतं. आदल्या दिवशी घरी पेंट रिमूव्हर लावा, पाच-दहा मिनिटं थांबा, मऊ ब्रशने रंग सोडवा, थिनरच्या फडक्याने पुसा. आकडे मोकळे झाले की वर पांढरा चिकट कागद दाबून लावा आणि मऊ शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. आमच्या पद्मिनीवर तीन रंगांखाली मूळचा फिकट निळा निघाला. तो थर मी तसाच ठेवला आहे.

महाराष्ट्रातूनच, म्हणजे पुण्या-मुंबईहून किंवा नागपूरहून येत असाल तर सुटलात. नंबर बदलत नाही. फॉर्म ३३ वर नवा पत्ता तीस दिवसांत नोंदवायचा, एवढंच. परराज्यातल्या गाडीला नवा नंबर घेण्यासाठी कलम ४७ प्रमाणे बारा महिने मिळतात. गाडी महाराष्ट्रात कधी आली याचा पुरावा, टोलची नोंद किंवा ट्रान्सपोर्टची बिल्टी, जपून ठेवा. रस्त्यात अडवल्यावर तीच कामी येते.

रोजची गाडी ठेवायची की विंटेज नोंदवायची

हा निर्णय एनओसीच्या आधी घ्या, नंतर नाही. १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने विंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात राहिलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल न झालेली गाडी त्यात बसते. अर्ज फॉर्म २० वर. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण पाच हजार. नव्याने नोंदणाऱ्या गाडीच्या नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

पण विंटेज नोंदलेली गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. मुलांना शाळेत सोडणं, जळगावच्या बाजारात जाणं त्यात बसत नाही. माझी गाडी १९७८ ची, पन्नास पूर्ण व्हायला २०२८ उजाडेल, शिवाय मला ती चालवायची आहे. म्हणून मी पाच वर्षांचं साधं नूतनीकरण निवडलं आणि एमएच १९ चा नंबर घेतला. वडिलांचा तीन अक्षरी नंबर त्यात गेला. त्याचं वाईट वाटतं, हे लपवत नाही. तुमच्याकडे १९७० च्या आसपासची फियाट, स्टँडर्ड हेराल्ड किंवा विलीज जीप असेल आणि ती फक्त सणावारी बाहेर निघत असेल, तर नवा नंबर घेण्याआधी विंटेजचा विचार नक्की करा.

आणखी एक. आपल्याकडे जीप आणि ॲम्बेसेडरला दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन टाकण्याची पद्धत फार जुनी. असं इंजिन आरसीवर चढवलेलं नसेल तर गाडी विंटेजमध्येही बसत नाही आणि साध्या तपासणीतही अडकते. डिकीत जुनी गॅसची टाकी असेल तर तिचंही तसंच. आरसीवर नोंद असेल तर ठीक, नसेल तर आधी काढा.

इंजिन तयार करणं

पीयूसीच्या रांगेत उभं राहण्याआधी गाडी एका चांगल्या, वयस्कर मेस्त्रीकडे न्या. खानदेशात असे मेस्त्री अजून आहेत, फक्त शोरूमच्या रस्त्यावर सापडत नाहीत. ट्रक आणि ट्रॅक्टरच्या गॅरेजांच्या ओळीत विचारा. मला भेटले त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं, सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला, हाताचा वास घेतला आणि म्हणाले, "भाऊ, गाडी चांगली शे, पन कारबोरेटर भरेल शे." यंत्राने नंतर सांगितलं ते त्यांना हाताने आधीच कळलं होतं.

आकडे वाचायला शिका, म्हणजे मेस्त्री पैसे कुठे घालतोय ते कळतं. कार्बन मोनॉक्साइड जास्त आलं तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. चोक पूर्ण उघडत नसेल, फ्लोटची नीडल झिजली असेल, फ्लोटची उंची चुकली असेल, किंवा एअर फिल्टर तुंबला असेल. हायड्रोकार्बन जास्त आणि मोनॉक्साइड कमी असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. म्हणजे प्लग, पॉइंट, टायमिंग, नाहीतर मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून बाहेरची हवा ओढली जातेय. दोन्ही जास्त आणि धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड. तिथे ट्यूनिंगने भागत नाही, इंजिन उघडावंच लागतं.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी ऑइल बदला. जुन्या ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलेलं असतं आणि ब्रीदरमधून ते परत इंजिनात जाऊन आकडा वाढवतं. मग टॅपेट, मग पॉइंटची गॅप, मग टायमिंग. मिक्श्चरच्या, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावायचा. बरेच जण उलटं करतात, आधी स्क्रू फिरवतात, आणि मग टायमिंग हललं की सगळं पहिल्यापासून. ॲम्बेसेडरसारखा ऑइल-बाथ एअर फिल्टर असेल तर ऑइल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलेलं ऑइल हवा अडवतं आणि गाडी काळा धूर सोडते.

इथली हवाही लक्षात घ्या. दिवाळीनंतर कापूस जिनिंगला यायला लागला की जिनिंगच्या भागातून जाणाऱ्या गाडीच्या रेडिएटरवर आणि फिल्टरवर पांढरी रुई बसते. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ. पुण्यात वर्षभर टिकणारा फिल्टर इथे चार महिन्यांत बघावा लागतो.

आकडा शून्याकडे न्यायच्या नादी लागू नका. मर्यादा ३ टक्के आहे. दीड ते अडीच टक्क्यांत कार्बोरेटरचं इंजिन सुखात चालतं. ०.५ टक्का आणायला मिक्श्चर पातळ केलं की इंजिन तापतं, आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, तापलेलं इंजिन माफ करत नाही.

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल

आता पंपावर मिळतं ते पेट्रोल ई-ट्वेंटी आहे, वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असतो. नव्या गाडीचा संगणक ते ओळखून पेट्रोल वाढवतो, कार्बोरेटरला ते कळत नाही. त्यामुळे जुनी गाडी आपोआप पातळ मिक्श्चरवर जाते. पीयूसीचा आकडा छान येतो, पण गाडी चढावर अडखळते आणि प्लग पांढरे पडतात. प्लग काढून बघा. चॉकलेटी रंग हवा. पांढरट असेल तर मेस्त्रीकडून कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा करून घ्या आणि मग पुन्हा आकडा मोजा.

दुसरा त्रास रबराचा. माझ्या गाडीच्या इंजिनावरच्या पेट्रोल पंपाच्या काचेच्या वाटीत एक दिवस काळा गाळ दिसला. बोटाने चोळला तर शाईसारखा पसरला. तो टाकीतला गंज नव्हता, पेट्रोलच्या पाइपचं आतलं रबर विरघळत होतं. तोच गाळ जेटमध्ये जाऊन बसतो, आबांनी "भरेल शे" म्हटलं ते हेच. सगळे पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरची वॉशरं आणि कॉर्कची गॅस्केट इथेनॉल सोसणाऱ्या मालाची बसवून घ्या. पाइपावर "एसएई जे३० आर९" असं छापलेलं बघूनच घ्या. पाइप विरून तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळणं हा आगीचा धोका आहे, इथे पैसे वाचवू नका.

इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर अर्धी टाकी तशीच ठेवू नका. एकतर पूर्ण भरा, नाहीतर रिकामी करून कार्बोरेटरचा बाउलही सुकवा.

उन्हाळ्यात भर दुपारी गाडी बंद पडली आणि तासाभराने आपोआप चालू झाली, तर बहुतेक पेट्रोलची वाफ पंपात अडकलेली असते. ओलं गोणपाट पंपावर ठेवलं की गाडी घरी पोचते. कायमचा उपाय म्हणजे पंप आणि इंजिनामध्ये उष्णता अडवणारी जाड गॅस्केट, आणि पेट्रोलचा पाइप मॅनिफोल्डपासून लांबून नेणं.

शिशाचं पेट्रोल देशात २००० साली पूर्ण बंद झालं. त्याआधीच्या काही इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट शिशावर टिकत होत्या. दर तपासणीला टॅपेटची गॅप कमी झालेली सापडत असेल तर सीट झिजत आहेत असं समजा, आणि हेड उघडेल तेव्हा कडक सीट बसवून घ्या.

पीयूसी केंद्रावर

सकाळी लवकर जा, पण थंड इंजिनावर जाऊ नका. पंधरा-वीस मिनिटं हायवेला, चांगल्या वेगात गाडी चालवा आणि तशीच केंद्रावर न्या. चोक पूर्ण आत आहे ना, बघा. सायलेन्सरला भोक असेल तर आधी वेल्डिंग करा. भोकातून हवा मिसळली की आकडा खोटा येतो, आणि खोटा चांगला आकडाही तुमच्या कामाचा नाही. नळी सायलेन्सरमध्ये साधारण एक फूट आत गेली पाहिजे.

आता डॅशबोर्डातला तो कागद. एका केंद्रावर माझ्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड २.१ टक्के आला, हायड्रोकार्बन ८४०, आणि पडद्यावर "नापास". तिथला मुलगा म्हणाला, काका, इंजिन काम सांगतंय. मी कागद काढून दाखवला. त्याने गाडीचा गट बघितला, तर बीएस थ्री निवडलेला. जुन्या नोंदीत तो रकाना रिकामा असतो, आणि घाईत चुकीचा पर्याय पडतो. गट दुरुस्त केल्यावर तीच गाडी पास झाली. मुलगा चांगला होता, त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. गाडी खरोखर नापास झाली तर २०२१ च्या नियमाप्रमाणे कारणासह नकाराची चिठ्ठी मिळते. ती मागून घ्या, मेस्त्रीला तिचाच उपयोग होतो.

दुसऱ्या एका ठिकाणी मला नळी न लावताच प्रमाणपत्र देऊ केलं. मी नको म्हटलं. खोट्या कागदाने पोलिसाचं समाधान होईल, पण माझ्या मागे स्कूटरवर बसलेल्या मुलाच्या नाकात जाणारा धूर तोच राहील. जुन्या गाड्यांवर बंदी घाला म्हणणाऱ्यांच्या हातात आपणच कोलीत द्यायचं का, हाही विचार करा.

आरटीओत

एनओसी, आरसी, विमा, नवी पीयूसी, इथल्या पत्त्याचा पुरावा आणि फॉर्म २७. महाराष्ट्राचा एकरकमी कर गाडीच्या वयावर आणि किमतीवर ठरतो. पंधरा वर्षांवरच्या गाडीला नूतनीकरणाच्या वेळी पाच वर्षांचा पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरणाची केंद्राची फी १५ ते २० वर्षांच्या मोटारीला ५,००० रुपये होती तीच आहे. वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून ती १०,००० झाली, दुचाकीला २,०००. परदेशी बनावटीच्या चारचाकीला तब्बल ८०,०००, तेव्हा आयात केलेली जुनी गाडी घेताना हा आकडा आधी मनात धरा. मुदत चुकली तर मोटारीला महिन्याला ५०० रुपये उशिराचे.

तपासणीचा अधिकारी धूर बघतोच, पण बहुतेक जुन्या गाड्या तिथे अडतात त्या हँडब्रेक, हॉर्न, वायपर आणि इंडिकेटरवर. आदल्या रात्री घरच्या कुणाला तरी मागे उभं करून प्रत्येक दिवा तपासा. गाडी धुऊन न्या. इंजिनाच्या खाली ऑइलचा थेंब पडत असेल तर तो आधी बंद करा. मूळ सगळे कागद आणि त्यांच्या दोन-दोन झेरॉक्स वेगळ्या फायलीत. बॅकलॉग एन्ट्रीची पावती सोबत असू द्या, मला ती दोनदा दाखवावी लागली.

नवा नंबर आला की उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवायची आणि विमा कंपनीला लगेच नवा नंबर कळवायचा. हे राहून गेलं तर अपघाताच्या दाव्यात अडचण येते.

पीयूसीच्या सहा महिन्यांच्या तारखा मी मुद्दाम मार्च आणि सप्टेंबरमध्ये आणल्या आहेत. मार्चमध्ये उन्हाच्या आधी पाइप, पंप आणि मिक्श्चर बघितलं जातं. सप्टेंबरमध्ये पाऊस ओसरत आलेला असतो, टाकीतलं पाणी काढलं जातं, आणि कापूस सुरू होण्याआधी नवा फिल्टर बसतो.